नवऱ्याच्या कॅन्सरसाठी २०० मैलांवरच्या ‘एनसीआय’ केंद्रात जावं का?

सायली_विचिटा | १२ मार्च

नमस्कार मंडळी. इथे मी बरीच वर्षं नुसती वाचते, लिहिण्याची वेळ पहिल्यांदाच आली आहे.

माझ्या नवऱ्याला (वय ४८) गुदाशयाचा, म्हणजे रेक्टमचा कॅन्सर निघाला आहे. सहा महिने अधूनमधून रक्त पडत होतं. नेहमीच्या डॉक्टरांनी मूळव्याध म्हणून मलम दिलं, आम्हीही तेच धरून चाललो. इथे अमेरिकेत ४५ व्या वर्षीच कोलोनोस्कोपी करून घ्या असं २०२१ पासून सांगतात, हे मला कळलं ते त्याच्या कोलोनोस्कोपीच्या दिवशी, बाहेर बसले असताना भिंतीवरच्या पोस्टरवरून. तीन वर्षं आमच्या हातात होती. हे लिहिताना अजूनही हात थरथरतो. तुमच्यापैकी ज्यांची पंचेचाळिशी उलटली आहे त्यांनी कृपा करून आजच फोन करा.

एमआरआयनुसार टी३, एन१, म्हणजे तिसरी स्टेज. लिव्हर, फुप्फुसं स्वच्छ आहेत. इथल्या, म्हणजे आमच्या विचिटातल्या, हॉस्पिटलने सांगितलंय ते असं: साडेपाच आठवडे रोज रेडिएशन, सोबत केमोच्या गोळ्या, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो. डॉक्टर चांगले आहेत, घाई न करता बोलतात. सुरुवात पुढच्या आठवड्यात करायची म्हणतात.

आता प्रश्न असा. कॅन्सस सिटीजवळ राहणारी माझी मैत्रीण रोज फोन करून सांगते आहे की विचिटात काही करू नका, सरळ युनिव्हर्सिटी ऑफ कॅन्ससच्या कॅन्सर सेंटरला या. त्या केंद्राला २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटची, म्हणजे एनसीआयची, मान्यता मिळाली आणि २०२२ मध्ये ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ हा वरचा दर्जा. मी त्या बातम्या शोधून वाचल्या. राज्यासाठी मोठी गोष्ट आहे हे समजलं. पण या मान्यतेने माझ्या नवऱ्याच्या बाबतीत नेमकं काय बदलतं, ते काही समजलं नाही. तिथली औषधं वेगळी असतात का? डॉक्टर जास्त शिकलेले असतात? की हे सगळं संशोधकांसाठी आहे, आणि पेशंटला त्याचं काही सोयरसुतक नाही?

आमच्यापासून ते २०० मैल आहे. टर्नपाइकने जायला तीन तास, यायला तीन. मुलं सातवीत आणि चौथीत. रेडिएशन आठवड्याचे पाच दिवस, रोज. मी विमानाच्या कारखान्यात नोकरीला आहे, इन्शुरन्स माझ्या नोकरीवर आहे, त्यामुळे ती सोडून तिकडे जाऊन राहणं शक्य नाही. नवरा म्हणतो, “संशोधन केंद्र म्हणजे माझ्यावर प्रयोग. मला प्रयोग नकोत.” सासूबाई आलेल्या आहेत. त्या काहीच बोलत नाहीत, फक्त रात्री दोन वाजता त्यांच्या खोलीतला दिवा चालू दिसतो.

इथल्या डॉक्टरांना “आम्ही दुसरीकडे विचारू का” असं विचारायलाही मला संकोच वाटतो आहे. त्यांनी राग धरला तर?

---

वृंदा_आयोवा | १२ मार्च

सायली, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण मीही त्याच संकोचात चार दिवस घालवले होते. विचार. आजच विचार. सेकंड ओपिनियनला जे डॉक्टर चिडतात त्यांच्याकडे कॅन्सरचे उपचार घेऊच नयेत, आणि चांगले डॉक्टर चिडत नाहीत. आईच्या वेळी मी घसा खाकरत विचारलं, तर डॉक्टरांनी स्वतःच नर्सला हाक मारून कागदपत्रं पाठवायला सांगितली.

माझी आई ७१ वर्षांची, स्तनाचा कॅन्सर. आमच्या गावातलं हॉस्पिटल छोटं आहे, एनसीआयची मान्यता असलेलं केंद्र दोन तासांवर. आम्ही तिथे एकदा गेलो आणि त्या एका खेपेने उपचारच बदलले. कसे, ते सांगते.

तिथे डॉक्टरांनी आईला तपासायच्या आधी गावातल्या हॉस्पिटलमधून बायोप्सीच्या काचा मागवून घेतल्या होत्या. नुसता रिपोर्ट नव्हे, काचेच्या पट्ट्या आणि मेणात बसवलेला तो मूळ तुकडा. पहिल्या रिपोर्टमध्ये हर-टू नावाची चाचणी “अनिर्णित” म्हणून सोडलेली होती. तिथल्या पॅथॉलॉजिस्टने, जी दिवसभर फक्त स्तनाच्याच काचा पाहते, ती पुढची चाचणी करून पाहिली आणि ती पॉझिटिव्ह आली. म्हणजे आईला एक नेमकं औषध लागू पडणार होतं, जे एरवी तिला मिळालंच नसतं. हे औषध आमच्या गावातही मिळतं! वर्षभर आईने ते गावातच घेतलं. उणीव होती ती औषधाची नाही, काच पुन्हा पाहणाऱ्या डोळ्यांची.

आणखी एक. आईला इंग्रजी जेमतेम. मी दुभाषी म्हणून बसले होते, पण डॉक्टरांनी मला थांबवलं. म्हणाले, तुम्ही मुलगी म्हणून बसा. मग टेबलावरच्या फोनवरून दुभाषी बाई जोडल्या गेल्या आणि पलीकडून स्वच्छ मराठीत “नमस्कार काकू, मला नीट ऐकू येतंय ना?” आईचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ती पहिल्यांदाच स्वतः बोलली, आणि मला कधीच न सांगितलेलं बोलली: रात्री पाठीत दुखतं, मुलीला त्रास नको म्हणून सांगत नाही. हे मान्यतेमुळे मिळत नाही. सरकारचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक हॉस्पिटलला दुभाषी फुकट द्यावाच लागतो, आमच्या गावातल्यालाही. पण तिथे कुणी विचारलं नव्हतं आणि मला मागायचं सुचलं नव्हतं. तुझ्या सासूबाईंनाही भेटीला घेऊन जा. त्यांनाही ऐकायचं असेल.

---

आनंद_रिसर्च | १३ मार्च

सायलीताई, मी अकरा वर्षं अशाच एका केंद्रात (तुमच्या राज्यातलं नव्हे) क्लिनिकल ट्रायल कोऑर्डिनेटर आहे, म्हणजे पेशंटच्या संमतीने उपचार तपासून पाहणारे अभ्यास सांभाळतो. डॉक्टर नाही, त्यामुळे उपचार काय घ्यावेत हे सांगणार नाही. पण या शिक्क्याचा अर्थ काय ते मी आतून पाहिलेलं आहे.

१९७१ साली निक्सन यांनी नॅशनल कॅन्सर ॲक्टवर सही केली, त्यातून ही केंद्रं उभी राहिली. आज देशभरात ७० हून जास्त आहेत. एनसीआय जो शिक्का देतं तो संशोधनावर देतं. बाहेरचे शास्त्रज्ञ अर्ज तपासतात, प्रश्न विचारतात, आणि पाच वर्षांनी सगळं पुन्हा. आमच्याकडे ती तपासणी जवळ आली की सहा-सहा महिने आधीपासून लोक रविवारी कामावर असतात. पास झालं तर मोठं अनुदान मिळतं. पण ते अनुदान पेशंटच्या बिलासाठी नसतं. प्रयोगशाळा, आकडेवारी सांभाळणारी माणसं, ट्रायल चालवणारी यंत्रणा यांच्यासाठी असतं. किती खाटा आहेत, जेवण कसं आहे, नर्स किती वेळात येते, हे त्यात कोणी मोजत नाही.

याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा हवा असेल तर यादी पाहा. त्यातली सात केंद्रं निव्वळ प्रयोगशाळा आहेत. मेन राज्यातली जॅक्सन लॅबोरेटरी, कॅलिफोर्नियातलं सॉल्क इन्स्टिट्यूट. तिथे एकही पेशंट पाहत नाहीत, आणि एनसीआयची मान्यता मात्र आहे. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ म्हणजे प्रयोगशाळा, पेशंटवरचं संशोधन, आणि लोकांमधलं संशोधन (कुठल्या जिल्ह्यात कुठला कॅन्सर जास्त, कोण तपासणीला येत नाही), या तिन्हींत खोली हवी, आणि तिन्ही एकमेकांशी जोडलेली हवीत. त्यासाठी प्रत्येक केंद्राला आपला मुलूख आखून द्यावा लागतो. तुम्ही म्हणता त्या केंद्राचा मुलूख म्हणजे पूर्ण कॅन्सस आणि मिसुरीचा पश्चिम भाग. म्हणजे विचिटा त्यांच्याच हद्दीत येतं. तुम्ही तिथे पाहुण्या म्हणून जाणार नाही.

मग पेशंटला काय मिळतं? वृंदाताईंनी काचांचं सांगितलं, ते पहिलं. दुसरं म्हणजे एकाच अवयवावर आयुष्य घालवणारी माणसं. गावातला ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे कॅन्सरचा डॉक्टर, सकाळी स्तन, दुपारी फुप्फुस, संध्याकाळी रक्ताचा कॅन्सर पाहतो. तो हुशारच असतो, पण रेक्टमचे पेशंट त्याला वर्षात किती दिसणार? तिसरं, ट्रायल्स.

“प्रयोग नकोत” हे दादांचं वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो, आणि दर वेळी शांतपणे हेच सांगतो: तिथे गेलात म्हणून कोणी तुम्हाला ट्रायलमध्ये घालत नाही. सही केल्याशिवाय काही होत नाही, सही केल्यावरही कुठल्याही दिवशी बाहेर पडता येतं, आणि नाही म्हटलं तर नेहमीचे उपचार तसेच मिळतात. कॅन्सरमध्ये बरं होण्याजोग्या माणसाला उपचार न देता नुसती साखरेची गोळी देऊन बसवत नाहीत. तुलना असते ती चालू असलेल्या चांगल्या उपचारांशी.

आता तुमच्याच आजाराचं उदाहरण, कारण ते अगदी तुमच्या दारातलं आहे. रेक्टमच्या कॅन्सरला ऑपरेशनआधी रेडिएशन द्यायचंच, हा वर्षानुवर्षांचा नियम. प्रॉस्पेक्ट नावाची ट्रायल एनसीआयच्या पैशांवर झाली, १,१०० हून जास्त पेशंट, निकाल २०२३ मध्ये. त्यात ठराविक पेशंटना आधी फक्त केमो (फॉलफॉक्स) सहा वेळा दिली, एमआरआय केला, गाठ पुरेशी आकसली असेल तर रेडिएशन वगळून थेट ऑपरेशन. पाच वर्षांनंतरचे निकाल रेडिएशनवाल्यांपेक्षा कमी पडले नाहीत. टी३, एन१ हे त्या ट्रायलमध्ये बसत होते, गाठ कुठे आहे आणि ऑपरेशन कसं होणार यावर बाकीचं अवलंबून. दादा त्यात बसतात की नाही हे मला ठरवता येणार नाही, पण “आम्हाला रेडिएशन टाळता येईल का, आणि नसेल तर का नाही” हा प्रश्न तुम्ही विचारायलाच हवा. ओटीपोटावरच्या रेडिएशनचे परिणाम माणूस पुढे अनेक वर्षं सोसतो.

आणि एक प्रश्न उद्या सकाळी फोन करून विचारा: एमएमआर चाचणीचा रिपोर्ट आला का? बायोप्सीच्या तुकड्यावरच ती होते. शंभरातल्या पाच-दहा रेक्टमच्या गाठींमध्ये पेशीची दुरुस्ती-यंत्रणा बिघडलेली असते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये अशा पेशंटना फक्त इम्युनोथेरपीचं (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारं) एक औषध सहा महिने दिलं. २०२२ मध्ये त्यांनी पहिल्या १२ जणांचं प्रसिद्ध केलं. बाराच्या बारा जणांची गाठ नाहीशी झाली, ना रेडिएशन, ना ऑपरेशन. त्या दिवशी आमच्या ऑफिसात कोणाला काम सुचत नव्हतं. बहुधा दादांची गाठ त्यातली नसेल, बहुतेकांची नसते. पण पाहिल्याशिवाय पहिला डोस सुरू होऊ देऊ नका.

दोन छोट्या गोष्टी. रेक्टमसाठी वेगळी राष्ट्रीय मान्यताही आहे, अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सची, २०१७ पासून, नाव एनएपीआरसी. ती संशोधनाला नाही, प्रत्यक्ष उपचाराच्या पद्धतीला दिली जाते: प्रत्येक पेशंटचा एमआरआय ठराविक पद्धतीने वाचलाच पाहिजे, उपचार सुरू व्हायच्या आधी सर्जन, रेडिएशनवाले, केमोवाले, पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसलेच पाहिजेत. तुमच्या दोन्ही हॉस्पिटलांना विचारा, ती आहे का. माझ्या मते तुमच्या प्रश्नासाठी हा शिक्का एनसीआयच्या शिक्क्याइतकाच कामाचा.

दुसरं, पैसे. नोकरीतल्या बहुतेक इन्शुरन्सना ट्रायलमधला नेहमीचा खर्च (तपासण्या, डॉक्टर, हॉस्पिटल) भरावा लागतो, २०१४ पासून तसा कायदाच आहे. पण केंद्र नेटवर्कच्या बाहेर असेल तर कायदा मदतीला येईलच असं नाही. म्हणून अपॉइंटमेंटच्या आधी इन्शुरन्सला फोन, बोलणाऱ्याचं नाव आणि कॉलचा नंबर वहीत. एनसीआयची स्वतःची माहिती-लाइनही आहे, १-८००-४२२-६२३७. फुकट आहे, आणि माणसं उत्तर देतात.

---

भास्कर_पी | १३ मार्च

आनंद यांनी लिहिलं ते सगळं बरोबर. पण मी दुसरी बाजू सांगतो, कारण आम्ही ती भोगली.

पत्नीला आतड्याचा कॅन्सर होता. मी हट्टाने सगळे उपचार मोठ्या केंद्रात घेतले, घरापासून १६० मैल. सगळे म्हणजे सगळे, बाराच्या बारा केमो. चौथ्या केमोनंतर रात्री अकराला तिला ताप आला, १०१. केमोवर असताना १००.४ च्या वर ताप म्हणजे तातडीने इमर्जन्सीत जायचं. १६० मैल कसे जाणार? गावातल्या इमर्जन्सीत नेलं. तिथे तिची एकही फाइल नव्हती, कुठली केमो, शेवटची कधी, केमोसाठी कातडीखाली बसवलेला पोर्ट कोणत्या बाजूला, काही माहीत नाही. मी फोनमधले फोटो दाखवत होतो. अँटिबायोटिक सुरू व्हायला तीन तास लागले. चूक त्या डॉक्टरांची नाही. आम्ही त्यांना कधी भेटलोच नव्हतो.

पत्नी आज ठीक आहे, चार वर्षं झाली. पण पुन्हा वेळ आली तर मी मोठ्या केंद्राकडून सल्ला आणि ऑपरेशन घेईन, आणि केमो घराजवळ. आठवड्याचा प्रवासही औषधाइतकाच थकवतो. ती गाडीत मागच्या सीटवर बादली घेऊन झोपायची, हे मला आजही आठवतं.

आणि दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांचे फोन नंबर द्या. ते आपोआप बोलतील असं समजू नका.

---

आनंद_रिसर्च | १३ मार्च

भास्करजींशी शंभर टक्के सहमत. वर लिहायचं राहिलं: लांब न जाताही ट्रायल मिळू शकते. एनसीआयचंच एनसीओआरपी नावाचं जाळं आहे, २०१४ पासून, ते गावोगावच्या हॉस्पिटलांत ट्रायल्स पोचवतं. विचिटाचं नाव त्या यादीत मी पाहिलेलं आहे. प्रॉस्पेक्टमधले कितीतरी पेशंट अशाच ठिकाणचे होते.

---

सायली_विचिटा | १४ मार्च

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. सकाळी फोन केला. एमएमआरची चाचणी मागवलेली होती, रिपोर्ट आलेला नव्हता, आणि तो येण्याआधीच रेडिएशनची तारीख पडलेली होती. डॉक्टरांना सेकंड ओपिनियनचं विचारलं. ते एक क्षण थांबले आणि म्हणाले, “दोन आठवड्यांनी काही बिघडत नाही, जाऊन या. त्यांनी काय सांगितलं ते मलाही ऐकायचं आहे.” मी फोन ठेवून स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले.

---

सायली_विचिटा | ६ एप्रिल

उशिरा लिहितेय, माफ करा. पुढे कोणी हा धागा वाचेल म्हणून सविस्तर लिहिते.

काचा मिळवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पॅथॉलॉजी विभागाचा वेगळा फॉर्म असतो, त्यावर पेशंटचीच सही लागते, माझी चालली नाही. मग तीन दिवस. एमआरआयची सीडी मात्र मी स्वतः जाऊन हातात घेतली आणि पर्समध्ये ठेवली. इन्शुरन्सने एका भेटीसाठी नेटवर्कमधलंच धरलं, वहीत कॉलचा नंबर आहे.

२७ मार्चला गेलो. सासूबाईही आल्या. फ्लिंट हिल्समध्ये गवत जाळायचे दिवस आहेत, एम्पोरियाच्या अलीकडे दोन्ही बाजूंना धूर होता आणि टेकड्या काळ्या पडलेल्या. सासूबाई म्हणाल्या, आपल्याकडेही पावसाच्या आधी भाजावळ करतात. एवढंच बोलल्या तीन तासांत.

एकाच दिवसात सर्जन, केमोचे डॉक्टर आणि रेडिएशनच्या डॉक्टर, तिघांची भेट झाली. सर्जन बाईंनी कागदावर चित्र काढलं. रेक्टमची नळी, तिच्याभोवतीची चरबी, आणि चरबीच्या बाहेरचं पातळ आवरण. गाठ आवरणापासून किती लांब आहे, यावर सगळं अवलंबून असतं. आमच्या पहिल्या रिपोर्टमध्ये ते अंतर लिहिलेलंच नव्हतं. त्यांच्या रेडिओलॉजिस्टने तीच सीडी पाहून ते मोजलं. स्टेज तीच राहिली, टी३, एन१. पण आवरण मोकळं आहे. आणि गाठ पुरेशी वर आहे, कायमची पिशवी (शौचासाठी पोटावर लावतात ती) लागणार नाही असं त्यांना वाटतं. पिशवीचा विषय नवऱ्याने आजवर माझ्याकडे एकदाही काढला नव्हता. तिथे मात्र त्याने पहिलाच प्रश्न तो विचारला.

एमएमआर नॉर्मल निघालं, म्हणजे ते इम्युनोथेरपीचं दार आमच्यासाठी नाही. गाडीत बसल्यावर मला वाईट वाटलं, खोटं का बोलू.

गुरुवारी त्यांच्या बैठकीत केस ठेवली गेली आणि शुक्रवारी फोन आला. आधी फॉलफॉक्स सहा वेळा, दर दोन आठवड्यांनी, *विचिटातच*. मग एमआरआय. गाठ आकसली तर रेडिएशनशिवाय ऑपरेशन, ते कॅन्सस सिटीत. नाही आकसली तर रेडिएशन, तेही विचिटात. आमच्या डॉक्टरांना त्यांनी स्वतः फोन केला. भास्करकाका, तरीही मी दोघांचे नंबर दोघांना मेसेज केले आहेत, आणि केमोचं नाव, तारखा, पोर्टची बाजू असं एक कार्ड करून नवऱ्याच्या पाकिटात आणि फ्रिजवर लावलं आहे.

निघताना एक मुलगी आली, ट्रायल कोऑर्डिनेटर, आनंददादांसारखीच. उपचाराची ट्रायल नव्हती. केमो चालू असताना रक्तात गाठीचे कण किती उरतात ते मोजायचं, म्हणून दर वेळी दोन ट्यूब जास्त रक्त द्यायचं. मला वाटलं नवरा नाहीच म्हणणार. तो म्हणाला, कागद द्या, वाचतो. परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत होते आणि तो चौदा पानं वाचत होता. एक-दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. घरी आल्यावर टेबलावर बसून त्याने सही केली आणि म्हणाला, “त्या प्रॉस्पेक्टमध्ये हजार माणसांनी सह्या केल्या म्हणून माझं रेडिएशन कदाचित टळणार आहे. दोन ट्यूब मी देऊ शकतो.”

मैत्रिणीलाही फोन करून सांगितलं. तिने विचारलं, मग शेवटी कुठे घेताय उपचार? म्हटलं, दोन्हीकडे.

पहिली केमो १४ एप्रिलला आहे. ४६ तासांचा पंप लावून घरी पाठवणार, गुरुवारी काढायला जायचं. त्यात ऑक्झॅलिप्लॅटिन आहे. त्याने गार वस्तूला हात लावला की बोटांत सुया टोचल्यासारखं होतं म्हणे, फ्रिज उघडतानाही हातमोजे घालायला सांगितले आहेत. ज्यांनी हे घेतलंय त्यांनी सांगा: साधे लोकरीचे चालतात का, की वेगळे घ्यावे लागतात? आणि गार लागणं किती दिवसांनी ओसरतं? सासूबाईंनी आजपासूनच पाण्याचे सगळे तांबे फ्रिजबाहेर काढून ओट्यावर ठेवले आहेत.